केरोबांची सहाण

बाळांनो, आणि बाळांच्या आजीआजोबांनो, ही पुष्कळ जुन्या काळातली गोष्ट.

एका डोंगराळ गावात विष्णूचे देऊळ होते. तिथे केरोबा नावाचे म्हातारे रोज सकाळी देवासाठी सहाणेवर चंदन उगाळत. चाळीस वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता. हे ते स्वतःच सांगत, कोणी विचारो न विचारो.

पुढे त्यांचे हात थरथरू लागले. गंध कधी पातळ होई, कधी खरबरीत. सून सगुणा म्हणे, "मामंजी, आज मी उगाळू का?"

"सहाणेला हात लावायचा नाही! ही सेवा माझी आहे."

पुजारी भिडस्त. ते गंध गाळून घेत.

चैत्रातल्या उकाड्यात देवाच्या अंगाला चंदनाची उटी लावायचा दिवस आला आणि नेमका त्याच दिवशी केरोबांना सणकून ताप भरला. उठवेना. तर या भल्या माणसाने काय करावे? दुसऱ्या कोणी उगाळू नये म्हणून सहाण उशीखाली दडवून ठेवली! देवाची सहाण ती एकच. उटीवाचून पूजा अडली, पूजेवाचून नैवेद्य अडला, आणि उपाशी गाव देवळात ताटकळत बसले.

सगुणा सासऱ्यांच्या उशाशी बसली. "मामंजी, अंग फार तापलंय का हो?"

"आग आग होतेय गं."

"देवालाही उकडत असेल. सकाळपासून वाट बघतोय तो."

इतकी वर्षे आपण कोणासाठी उगाळत होतो, असे केरोबांच्या मनात आले आणि त्यांना रडू कोसळले. त्यांनी उशीखालून सहाण काढली.

"घे पोरी. दाबू नकोस, गोल फिरव. पाणी मी घालतो."

सगुणा आंघोळ करून त्यांच्या अंथरुणाशीच उगाळायला बसली. केरोबांच्या थरथरत्या हातातून पाणी आपोआप थेंबाथेंबाने पडत होते. चंदन लोण्यासारखे मऊ उतरले.

देवाला उटी लागली, गाव जेवले. संध्याकाळी पुजारी देवाच्या अंगावरची थोडी उटी प्रसाद म्हणून घेऊन आले आणि त्यांनी ती केरोबांच्या तापलेल्या कपाळाला लावली. जन्मभर चंदन उगाळणाऱ्या केरोबांना त्याचा गारवा त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

एवढेच ध्यानात ठेवा: जिच्यावरचा आपला हक्क सोडता येतो, तीच सेवा देवाला पोचते.