ब्रेकमधली हवा

"मग किल्ली का देत नाही? कारण सांगा, अक्का. सगळ्यांसमोर सांगा."

बसवंता मठाच्या अंगणात जीपला पाठ टेकून उभा होता. हात कोपरापर्यंत काळे. आवाज चढलेला.

मठाच्या प्रमुख तुंगाक्का पायरीवर बसल्या होत्या. किल्ली त्यांच्या मुठीत.

"सांगते की. आधी तुझं ओरडून होऊ दे."

आमचा मठ घाटाच्या माथ्यावर. दवाखाना खाली तालुक्याला, आणि मध्ये सगळी वळणंच वळणं. वाड्यांवरचे आजारी, बाळंतपणाच्या बाया, सगळ्यांना मठाची जीपच खाली नेते. दुसरी सोय नाही. जुना ड्रायव्हर लेकाकडे राहायला गेला, तेव्हापासून मठातच झाडलोट करणाऱ्या बसवंताचा त्या किल्लीवर डोळा. त्यासाठीच त्याने आठवडाभर खपून गाडीचं सगळं तेलपाणी स्वतः बदललं होतं.

आणि आज कस्तुरीला न्यायचं होतं. पहिलटकरीण. डॉक्टरांनी दुपारच्या आत भरती व्हायला सांगितलेलं. ती ओट्यावर गाठोडं घेऊन बसली होती, एकदा बसवंताकडे बघत, एकदा अक्कांकडे.

वार सोमवार, म्हणून अक्कांच्या पाया पडायला रांग लागलेली. मी रांगेत पुढेच होते. जे कानांनी ऐकलं तेच लिहिते.

"गॅरेजवाल्याने बदललं असतं तर निमूट दिली असती किल्ली," बसवंता म्हणाला.

"त्याने बदललं असतं तरी बघितलं असतं."

"मग बघा ना. इंजिन ऑइल बघा."

"बघितलं. पहाटेच बघितलं. तेल मोजायची कांडी पुसून घातली, काढली. तेल दोन्ही खुणांच्या मध्ये आहे. खालच्या नटाला बोट लावलं. कोरडं. जुनं तेल ओढ्यात न ओतता कॅनमध्ये भरून ठेवलंस, तेही बघितलं. चांगलं काम केलंस."

बसवंता गडबडला. तो शिव्या खायच्या तयारीने आला होता. कौतुकाचं काय करायचं हे त्याला समजेना.

"आणि कूलंट?"

"इंजिन गार होईपर्यंत थांबून भरलंस. पोळून घेतलं नाहीस. शहाणा आहेस."

"मग अडलं कुठे?"

"ब्रेकवर."

अक्का उठल्या. लुगडं सावरलं आणि चढून ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या. या वयात त्यांना चढायला हात द्यावा लागत नाही आणि कुणी दिला तर चालतही नाही. त्यांनी पेडलवर पाय ठेवला आणि दाबून धरला.

"बघ. खाली चाललंय."

"पहिल्यांदा जातं. दोनदा मारलं की घट्ट होतं," बसवंता म्हणाला. "तेल नवीन आहे, अक्का. बसायला वेळ लागतो त्याला."

"हे कुणी सांगितलं?"

"...फोनवर होतं."

"घाटातलं वळण दोनदा येतं का रे?"

रांगेत कुणीतरी पदरात हसलं. बसवंताने तिकडे असं पाहिलं की हसू तिथल्या तिथे विरलं.

"ब्रेकचं तेल कुणाबरोबर बदललंस?"

"एकट्याने." हे मात्र त्याने छाती काढून सांगितलं.

"एकट्याने. म्हणजे पाना घेऊन चाकाखाली तूच."

"मीच."

"मग तू खाली असताना पेडल कुणी दाबून धरलं?"

बसवंता हातातला पाना पुसू लागला.

"बसवंता, विचारते आहे."

"...योगदंडाने."

रांगेतल्या दोघा-तिघांनी कानाला हात लावले.

योगदंड म्हणजे थोरल्या अक्कांचा. ज्यांनी हा मठ उभा केला, त्यांचा. आडव्या मुठीचा, सागवानी, देव्हाऱ्यासमोर ठेवलेला. तापाने फणफणलेल्या पोरांच्या कपाळाला तो लावतात. त्याला हात लावायचा तर आधी अंघोळ लागते.

"अंघोळ करूनच घेतला," बसवंता घाईने म्हणाला. "नमस्कार केला, माफी मागितली. सीट आणि पेडल यांच्यामध्ये बरोबर बसला, जणू मापाचा. म्हटलं, थोरल्या अक्कांचा हात लागलेला आहे. चूक व्हायचीच नाही."

"पाप आहे हे," रांगेतले एक म्हातारे पाटील म्हणाले. "दंड मोटारीत घालतात होय?"

"दंडाचं काही बिघडलेलं नाही, मामा," अक्का म्हणाल्या. "ब्रेकचं बिघडलंय. आधी ते बघू."

मग बसवंताकडे वळून, "इराप्पा स्वयंपाकघरात होता की. त्याला का नाही हाक मारलीस?"

"इराप्पाला?" बसवंताने तोंड वाकडं केलं. "गावभर सांगत सुटला असता. माझ्या पायाशिवाय बसवंताचं अडलं म्हणून."

हे असंच असतं. पुरुषाला लाकडाची मदत चालते, माणसाची चालत नाही. अशा चार बायकाही मला ठाऊक आहेत, पण त्या निदान भांडं पडल्याचा आवाज आला की मागे वळून बघतात.

अक्कांनी पेडलवरचा पाय काढला.

"चाकामागचा छोटा नट सैल केलास."

"हो."

"जुनं तेल नळीतून बाहेर आलं."

"आलं. काळं होतं अगदी."

"आणि तेव्हा पेडल काय करत होतं?"

"खाली जात असणार."

"आणि दंड?"

"...सरकला एकदा. मला आवाज आला."

"आवाज आल्या आल्या नट आवळलास?"

"आवळतच होतो."

"तू आवळेपर्यंत पेडल वर आलं. नट अजून उघडाच. आत काय शिरलं?"

बसवंता नखातलं काळं काढू लागला.

"काय शिरलं, बसवंता?"

"...हवा."

"दंडाने ओरडून सांगितलं का तुला, थांब, पेडल उठलं म्हणून?"

बसवंताने हातातला पाना जीपच्या बॉनेटवर आदळला.

"बोलवा मग गॅरेजवाल्याला. माझ्या हातचं नकोच आहे तुम्हाला. मी जातो, देव्हारा झाडतो."

"रुसलास?"

"नाही."

"मग पाना उचल आणि चाकाखाली जा."

"आणि पेडल?"

"मी काय इथे गार वाऱ्याला बसले आहे?"

बसवंता हलला नाही. "अक्का, तुम्ही..."

"मी काय? मला पाय नाहीत?"

रांगेत चुळबुळ झाली. लोक लांबून आलेले, हातात नारळ, फुलं. पाटील पुढे होऊन म्हणाले, "अक्का, दर्शन राहिलंय. लोक पाया पडायला थांबलेत."

"थांबू देत. पाय आत्ता कामात आहेत."

पाटील मागे सरले.

बसवंता ब्रेकच्या तेलाची डबी घेऊन आला. अक्कांनी ती निरखून बघितली.

"ही कधी उघडली?"

"आठवड्यापूर्वी. झाकण लावलं होतं, अक्का. सैल असेल थोडं."

"ब्रेकचं तेल हवेतली ओल पितं. आणि आपल्या माथ्यावर धुक्याला काही तोटा नाही. बंद डबी आण."

बंद डबी आली. बॉनेट उघडून त्याने ब्रेकच्या तेलाची वरची बाटली भरली आणि तो सगळ्यात लांबच्या चाकाशी गेला, मागच्या डाव्या. नटाला पारदर्शक नळी लावली, तिचं दुसरं टोक थोडं तेल घातलेल्या बरणीत सोडलं आणि आडवा झाला. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते.

"अक्का," आतून आवाज आला, "जरा... पाय दाबाल का?"

"विनवण्या करू नकोस. तुझी विनवणी संपेपर्यंत बरणी भरेल. हुकूम दे."

"तुम्हाला?"

"पेडल माझ्याकडे आहे, म्हणून मलाच."

"दाबा."

"दाबलं."

"धरा. नट सैल करतोय."

"धरलंय. खाली चाललंय... टेकलं."

"नट बंद केला. सोडा."

"सोडलं."

"दाबा."

"दाबलं."

हळूहळू त्याचा आवाज स्थिर झाला. मध्ये मध्ये तो उठायचा, वरची बाटली बघायचा, ती रिती होण्याआधीच भरायचा, पुन्हा आडवा व्हायचा. रांगेतली माणसं खाली बसली. कुणीतरी कस्तुरीला पाणी दिलं.

"काय दिसतंय नळीत?" अक्कांनी विचारलं.

"तेल."

"नीट बघून सांग."

"...बुडबुडे आहेत."

"किती?"

बाहेर दिसणारे त्याचे पाय इतका वेळ सारखे हलत होते, माती उकरत होते. ते थांबले.

"अक्का..."

"बोल."

"संपतच नाहीयेत."

अक्कांनी ओट्यावरच्या कस्तुरीकडे पाहिलं.

"सकाळी सहालाच निघणार होतो मी. तुम्ही किल्ली दिली असती तर... कस्तुरी मागे बसली असती, अक्का. दोन जीव."

"दाबू का?" अक्का म्हणाल्या.

"...दाबा."

"दाबलं."

एक चाक झालं, दुसरं झालं. पुढची झाली. शेवटी शेवटी नळीतून नुसतं स्वच्छ तेल येत होतं, मधाच्या रंगाचं, त्यात एक ठिपकासुद्धा नाही. तरी बसवंता "दाबा" म्हणतच होता आणि अक्का दाबत होत्या. त्यांची पोटरी थरथरायला लागलेली मला दिसत होती.

मग तो बाहेर आला. अक्का उतरल्या आणि खुणेनेच त्याला चढायला सांगितलं.

त्याने पेडलवर पाय ठेवला. पेडल थोडं गेलं आणि दगडासारखं उभं राहिलं. त्याने धरून ठेवलं. पुष्कळ वेळ धरलं. हललं नाही.

"पहिल्याच दाबाला," तो म्हणाला. खूश झाला होता, लपत नव्हतं.

अक्कांनी किल्ली पुढे केली. बसवंताने ती घेतली, पण कस्तुरीकडे गेला नाही.

"आधी रिकामी फिरवतो," तो म्हणाला. "अंगणात, मग पहिल्या वळणापर्यंत. मग बघू."

"बघ."

जीप अंगणात फिरली, थांबली, फिरली, थांबली. मग फाटकातून खाली उतरली. आम्ही सगळे कान देऊन ऐकत होतो. इंजिनाचा आवाज लांब गेला, थांबला आणि पुन्हा चढावर वाजू लागला.

ती परत आली तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात इराप्पा पीठ लागलेल्या हातांनी उभा होता. बसवंता उतरला आणि सरळ त्याच्याकडे गेला.

"इराप्पा, हात धू आणि जरा ये. मी चाकांपाशी बसतो, तू ब्रेक दाब. कुठे तेल पाझरतंय का ते मला एकदा बघू दे."

इराप्पाने त्याच्याकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं. "मी?"

"तूच. आणि पेडल जरा जरी खाली गेलं तरी ओरड. मोठ्याने ओरड."

इराप्पा चढला. बसवंता प्रत्येक चाकाशी बसला, कोरड्या फडक्याने नट पुसला, फडकं उजेडात धरून बघितलं. कुठेच डाग नव्हता. तरी तो मागच्या डाव्या चाकाकडे पुन्हा गेला.

ऊन ओट्यावर आलं होतं. कस्तुरी गाठोडं घेऊन उठली. तिने बसवंताला विचारलं, "दादा, बसू का मी?"

"थांब गं जरा," तो चाकाखालूनच म्हणाला. "एकदाच अजून बघतो. घाईने नको."

"हे बरं आहे," पाटील म्हणाले. "सकाळी हा ऐकत नव्हता, आता हा उठत नाही. अक्का, अहो, ही पोरगी निघायची कधी?"

अक्कांनी कस्तुरीच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि जीपच्या मागच्या सीटवर ठेवलं.

"बस गं बाई निर्धास्त," त्या म्हणाल्या. "आता याला भीती वाटायला लागली."