पंख योजनेची पहिली लाभार्थी

एका ओट्याखाली झुरळांचं राज्य होतं. तिथे अंधार मुबलक होता, म्हणून प्रजा सुखी होती.

राजे मिशाळराव बोटाच्या पेराएवढे होते. पण सरकारी मोजणीत मिशाही धरत, त्यामुळे ते पालीपेक्षा मोठे भरत.

झुरळाचं पिल्लू अंड्यांच्या पिशवीतून पांढरं, बिनपंखी निघतं. वाढता वाढता कात टाकतं, ती कात खातं आणि तिच्यावरच बळ धरतं. शेवटची कात टाकली की पंख येतात. हे फार पूर्वीपासून असंच चाललं होतं. मिशाळरावांना ते गादीवर आल्यावर कळलं.

"बंधू-भगिनींनो!" ते भरसभेत गरजले. "आजवरच्या एका तरी राजानं पंख वाटले का?"

"नाही!"

"मी वाटणार! तुम्ही फक्त पिल्लांची कात राजकोठारात जमा करा."

सभेतल्या सगळ्यांना पंख होते. त्यांनी ते फडफडवून घोषणेचं स्वागत केलं.

कोठार भरलं. मंत्री गुबगुबीत झाले. पिल्लांना मात्र चुरगळलेले पंख येऊ लागले.

"हे घडीचे पंख," प्रधान म्हणाले. "जागा कमी लागते."

बारकाबाईची लेक पिटुकली शेवटच्या कातीला आली, तेव्हा बारकाबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. नुकती कात टाकलेलं झुरळ पांढरंफटक असतं, शिपायांना लांबूनच दिसतं. तिनं लेकीला फ्रिजच्या मोटरीमागे नेलं.

"खा पटकन."

"अगं आई, ती देशाची असते. सगळे म्हणतात."

"आधी खा. देशाचं मग बघू. मिशांची सालंही सोडू नकोस."

"कोण आहे रे तिकडे?" शिपाई ओरडला.

"मी हो, दादा! पोटाशी पिशवी आहे, जरा टेकलेय."

लेक तपकिरी होईपर्यंत ती तशीच आडवी उभी राहिली.

पिटुकलीचे पंख सरळ, चकचकीत निघाले. अख्ख्या पिढीत तेवढेच. दुसऱ्या दिवशी शिपाई तिला घेऊन गेले. बारकाबाई ऊर फुटेस्तोवर मागे धावली. त्यांनी लेकीला थेट व्यासपीठावर चढवलं होतं.

"पंख योजनेची पहिली लाभार्थी!" मिशाळराव म्हणाले. "सांग बाळ, हे पंख कुणी दिले?"

पिटुकलीनं आईकडे पाहिलं. आईनं पोटाशी लटकलेली पिशवी सावरली आणि डोळ्यांनीच महाराजांकडे खूण केली.

"महाराजांनी."

टाळ्या कडाडल्या. सगळ्यांत मोठ्या बारकाबाईच्या.

पुढच्या निवडणुकीत मिशाळराव प्रचंड बहुमतानं निवडून आले. मतंही मिशा धरूनच मोजली होती.