डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेला आजार

राज्याच्या आरोग्यविम्याच्या नव्या नियमांवर साताऱ्यात सुनावणी होती. यमुनाताई कारंडे उठल्या. विमा कंपनीने नकार दिल्याने त्यांच्या नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन अडलं होतं.

"आजार लपवून पॉलिसी घेतलीत तुम्ही!" कंपनीचे साहेब गुरकावले.

"पण तेव्हा तुमच्याच डॉक्टरांनी यांना तपासलं होतं ना?"

"अर्थात! त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, बाई."

"मग साहेब, मशीन लावून जे त्यांना दिसलं नाही, ते आमच्या यांनी बनियनखाली लपवलं होतं का?"

सभागृह खदखदून हसलं. सुनावणीच्या अध्यक्षबाईंनी नियमांच्या मसुद्यात तिथेच लिहून घेतलं, की कंपनीने तपासून पॉलिसी दिली, तर नंतर लपवल्याचा आरोप चालणार नाही. साहेबांना ऑपरेशनच्या खर्चाला मंजुरी द्यावीच लागली.

यमुनाताईंनी दवाखान्यात नवऱ्याला फोन लावला. "अहो, उद्या सकाळी काही खाऊ नका. ऑपरेशन आहे."