रायाजीचा सरळ खांब

कोंडवण्याच्या टेकडीवर गोऱ्या साहेबाची कोठी आहे. मधोमध दार, डावीकडे जेवढ्या खिडक्या तेवढ्याच उजवीकडे. विलायतेतल्या जॉर्जियन घरांची हुबेहूब धाटणी. जवळ जाऊन पाहिले तर दर्शनी सहा खांबांपैकी पाच मध्यावर किंचित फुगीर आहेत, डावीकडचा शेवटचा मात्र सरळसोट. पाहुण्यांनी त्याबद्दल विचारले की कोठी दाखवणारे विश्रामबाबा छाती पुढे काढतात. हा त्यांच्या मूळपुरुषाचा खांब.

रायाजीसारखा गवंडी म्हणे पंचक्रोशीत दुसरा नव्हता. लोक देवावर ठेवावा तसा त्याच्या ओळंब्यावर विश्वास ठेवत. साहेबाने कोठीचा नकाशा दिला, त्यात खांबांना पोट! रायाजीला हसू आले. "साहेबाची शाई पसरली असंल," म्हणत त्याने पहिला खांब सरळ उभा केला. साहेब म्हणाला, हा मध्ये खपाटीला गेला आहे. रायाजीला ते फार झोंबले. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून त्याने साऱ्या गावासमोर खांबालगत दोरीचा ओळंबा सोडला. खांबात केसाचाही फरक नव्हता. "यात खोट निघाली तर पुन्हा थापी धरणार न्हाई," अशी त्याने ग्रामदेवीची आण घेतली.

साहेबाने वाद घातला नाही. त्याला खाली नदीकाठच्या चिंचेपाशी नेले आणि मागे वळून पाहायला सांगितले. ओळंब्यात चोख उतरलेला खांब तिथून खरोखरच कमरेत आवळल्यासारखा दिसत होता.  असे सांगतात, की रायाजी तसाच गावात आला आणि त्याने थापी देवीच्या पायरीवर ठेवली.

पाच खांब बाकी होते. साहेब बाहेरगावचे गवंडी आणायला निघाला, तशी गावाची मान खाली गेली. तेव्हा रायाजीची बायको ठकूबाई पदर खोचून पुढे आली. आजवर ती फक्त चुना मळत असे.

"ओळंबा खोटा न्हाई, अन् डोळाबी खोटा न्हाई. तुमची जीभ तेवढी आगाऊ," ती नवऱ्याला म्हणाली. "आण तुम्ही घेतलीया, म्या न्हाई. तुम्ही चिंचंखाली हुबं ऱ्हाऊन बघा. थापी म्या धरते."

बाईने थापी धरायची रीत नव्हती. लोक कुजबुजले, पण ठकूबाई बधली नाही. रायाजीने चिंचेखालून लाल पागोटे उंच धरले की ती चुना चढवी, खाली केले की खरवडी. पाचही खांब असे उभे राहिले आणि घोटून असे गुळगुळीत झाले, की साहेबाने त्यांवरून हात फिरवला आणि ठकूबाईपुढे टोपी काढली. मग पहिला खांब पाडायची भाषा निघाली, तेव्हा रायाजीच आडवा आला. "ऱ्हाऊ द्या साहेब. माझी चूक माझ्या लेकरांना दिसू द्या."

आजही कोंडवण्यात नव्या घराच्या गिलाव्याचा शेवटचा हात घरची बाई देते, आणि चिंचेपाशी जाऊन मागे वळून पाहिल्याशिवाय गवंडी मानाचा विडा घेत नाही. विश्रामबाबाही पाहुण्यांना तिथवर पोचवायला येतात. "आता वळा," म्हणतात. तिथून ठकूबाईचे पाचही खांब सरळ दिसतात, आणि सरळ तो तेवढा कमरेत बारीक. बाबा हात जोडतात ते त्यालाच.