सिंहाचं तोंड

"सिंह काढा, पण तो उग्र दिसता कामा नये!" मंत्री क्वापिशसाहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "उग्र दिसला, तर लोक म्हणतील, सरकार खायला उठलंय!"

"मग गरीब काढते," ब्रोन्या म्हणाली.

"गरीब? म्हणजे सरकार शेळपट? आणि पिंजऱ्यात दाखवाल, तर लोकांना स्वतःची आठवण होईल. पिंजऱ्याबाहेर दाखवाल, तर नको ते शिकतील! उद्या दुपारी सर्कशीचं पोस्टर इथे हवं. नाहीतर चित्रकार संघाचं कार्ड जमा करा!"

कार्ड गेलं की रंग बंद, कागद बंद. वॉर्साच्या भिंती तीस वर्षं पोस्टरांनी सजवणाऱ्या ब्रोन्याला दुसरं काहीच येत नव्हतं. तरी निघताना तिची नजर साहेबांच्या लाडक्या गोल शिक्क्यावर गेलीच. वर दोन तारे, खाली होडीसारखं वळवलेलं 'मंजूर'. हा शिक्का मूळ चित्रावर बसायचा आणि चित्राबरोबर छापलाही जायचा, असा साहेबांचाच हुकूम होता. कलेला आपलाही हात लागलाय, हे जनतेला कळायला नको?

दुसऱ्या दिवशी ब्रोन्याने तळहाताएवढं चित्र टेबलावर ठेवलं. ते मोठं करणं छापखान्याचं काम. या कडेपासून त्या कडेपर्यंत नारिंगी आयाळ, आणि मधोमध कोरा पांढरा गोल!

"तोंड कुठाय?" साहेब कडाडले.

"एवढा नाजूक निर्णय घेणारी मी कोण, साहेब? जागा तुमच्यासाठीच सोडलीय. मारा शिक्का!"

साहेबांचा हात सवयीने उठला. धप्प! ताऱ्यांचे डोळे झाले, 'मंजूर'चं तोंड झालं, आणि सिंह मंत्र्यांकडे टकमक बघू लागला.

"आता तुम्हीच सांगा, उग्र आहे की शेळपट? तोंड तुमच्या शिक्क्याचं. तुम्ही म्हणाल तसं!"

साहेबांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं.

"आणि... आणि पिंजरा?"

"कागदभर आयाळच झाली. पिंजऱ्याला जागा कुठे उरली? सिंह आत म्हणा, बाहेर म्हणा!"

साहेब आधी लाल झाले, मग पोट धरधरून हसले. "कार्ड ठेवा तुमच्याकडेच, बाई! आणि हे बक्षीस घ्या, आजपासून तुमच्या चित्रांना शिक्का माफ!"

"अहो, असं नका करू, साहेब!" ब्रोन्या घाईघाईने म्हणाली. "पुढच्या महिन्यात अस्वल काढायचंय. त्याला तोंड कुठून आणू?"