नाचणाऱ्यांनाही ऐकू येते

एका शहरात एकदा रेवण नावाचा एक तरुण रॅप शिकत होता. त्याचे गुरू वयोवृद्ध शाहीर. सारे त्यांना आण्णा म्हणत. संगणकावर नाचाचे इलेक्ट्रॉनिक संगीत रचणाऱ्या आयव्हनने रेवणला जोडीने कार्यक्रम करू या म्हटले आणि रेवण तयार झाला.

कार्यक्रमात रेवणने आपल्या थोरल्या भावावरचा, गटारसफाई करताना गुदमरून गेलेल्या सिद्रामवरचा रॅप म्हटला. पण ठोक्यांच्या दणदणाटात शब्द बुडाले आणि सारे सभागृह हात उंचावून बेभान नाचत राहिले.

"दादाच्या मरणावर लोक नाचले, आण्णा! त्या संगीताच्या वाटेला मी पुन्हा जाणार नाही," रेवण नंतर गुरूंना म्हणाला.

आण्णांनी आयव्हनला बोलावले, तेच संगीत लावायला सांगितले आणि रेवणला म्हणाले, "म्हण."

रेवणने नाइलाजाने सुरुवात केली. तोच आण्णांनी काठी बाजूला ठेवली आणि ते चक्क नाचू लागले. रेवणचा आवाज चिरकला. "आण्णा, तुम्हीसुद्धा?"

आण्णा धापा टाकत खाली बसले आणि त्यांनी रेवणच्या सुरुवातीच्या ओळी जशाच्या तशा म्हणून दाखवल्या. "सिद्रामचे नाव येते तिथले मात्र ऐकू आले नाही. तिथे ठोके फार दाट आहेत."

"ज्यांचे कुणी ऐकून घेतले नाही, त्यांनी रॅप घडवला," आण्णा म्हणाले. "म्हणून तो शब्दाला जिवापाड जपतो आणि शब्द बुडवील अशा संगीतापाशी बिचकत जातो. त्यात गैर काही नाही. पण नाचणारा बहिरा असतो असे समजू नकोस. रॅपही नाचणाऱ्यांच्या गर्दीतच जन्मला. आयव्हनवर रुसण्याआधी तू त्याच्याकडे शब्दांसाठी जागा मागितलीस का?"

"नाही मागितली."

"मला वाटलं, तुला दणदणाटच हवाय," आयव्हन ओशाळून म्हणाला. "सांग ना, कुठं थांबू?"

दोघे शेजारी बसून पुन्हा पहिल्या ओळीपासून ऐकू लागले.

पुढच्या कार्यक्रमात सिद्रामचे नाव आले आणि ठोके थांबले. उंचावलेले हात हळूहळू खाली आले. त्या शांततेत रेवणने चार ओळी म्हटल्या. मग ठोके परतले आणि लोक सिद्रामचे नाव घेत नाचू लागले. रेवणला रडू आले. पण त्याचे पायही त्या ठेक्यावर पडत होते.