शेजारच्या डब्यातलं तेल

फार फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते विचारू नका. इंजिनं बोलायची, एवढ्या पूर्वीची.

एका गावात एक पिठाची गिरणी होती. तिचं इंजिन गिरणीवाल्याच्या आजाने आणलेलं. धुराड्याच्या तोंडावर एक फुटका डबा उपडा घातलेला असे. इंजिन सुरू झालं की तो पुक्-पुक् वाजे आणि बायका म्हणत, "चला गं, गिरणी चालू झाली." देवीच्या जत्रेच्या प्रसादाचं पहिलं पीठ याच गिरणीत दळायचं, असा त्या घराचा मान होता. गिरणीवाल्याला त्या मानाइतकं प्रिय दुसरं काही नव्हतं.

मग ओढ्यापलीकडे दुसरी गिरणी उभी राहिली. तिचं इंजिन नवं कोरं, आणि त्याला तेल घालायचं ते चकचकीत डब्यातलं, पिवळंधमक, पाण्यासारखं पातळ.

झालं! गिरणीवाल्याच्या पोटात दुखायला लागलं. जेवताना डबा, झोपताना डबा. "त्याच्या इंजिनाला असलं तेल, आणि माझ्याच्या नशिबी हे काळपट?" असं तो ऊठसूट बायकोला ऐकवी.

"अहो, लोकांच्या डब्यात काय डोकावताय? जातं बघा, गहू संपलाय वरचा," ती म्हणे. पण जळणारा माणूस ऐकतो होय?

त्यातच म्हातारं इंजिन धापा टाकू लागलं. मिस्त्री आला. त्याने इंजिन सगळं खोललं, सिलिंडरची भिंत घासून सारखी केली, नवा पिस्टन घातला, पिस्टनला नव्या रिंगा चढवल्या. जाताना साध्या, जाड तेलाचा डबा ठेवून म्हणाला, "जत्रा होईपर्यंत हेच घाला."

डब्यावर ना चित्र, ना चकाकी. गिरणीवाल्याने तो कोपऱ्यात भिरकावला, तडक बाजार गाठला आणि शेजाऱ्याकडे होता अगदी तस्साच डबा आणला.

तो ओतणार, एवढ्यात इंजिन बोललं, "थांब लेकरा. माझ्या रिंगा नव्या आहेत. त्या भिंतीवर जरा घासतील, झिजतील, तेव्हा कुठे तिला घट्ट बसतील. हे तेल फार निसरडं रे. ते त्यांना घासूच द्यायचं नाही."

"म्हणजे तू जन्मभर असलंच गावठी तेल पिणार?"

"मला पचेल ते पिणार. माझं वय बघ की, त्याचं काय बघतोस!"

"तो बघतोय ना पण! पलीकडून बघतोय आणि हसतोय मला!" गिरणीवाला ओरडला आणि त्याने अख्खा डबा रिता केला.

सुरुवातीला इंजिन कसं झकास फिरलं. गिरणीवाला मिशीला पीळ देत ओढ्यापलीकडे बघत राहिला. पण आत रिंगा भिंतीवर नुसत्या घसरत होत्या. रिंगा आणि भिंतीत राहिलेल्या फटीतून तेल वर चढलं आणि जळायला लागलं. जत्रेच्या आदल्या दिवशी प्रसादाचा गहू जात्यात पडला आणि सगळी गिरणी निळ्या धुराने भरली. पिठाला जळक्या तेलाचा वास! मग इंजिनाचा जोरच गेला आणि धुराड्यावरचा डबा वाजायचा थांबला.

पंचांनी पीठ हुंगलं. "हे देवीपुढे ठेवायचं?" एवढंच म्हणाले. उरलेली पोती त्यांनी गाडीत घातली आणि गाडी ओढ्यापलीकडे नेली.

जत्रा झाल्यावर शेजारी स्वतःहून आला. गिरणीवाल्याने तोंड फिरवलं. शेजाऱ्याने कोपऱ्यातला डबा उचलला, झाकण काढून बोटाने तेल बघितलं.

"अरे, हे घरात असताना तू ते का घातलंस? माझ्या इंजिनालासुद्धा रिंगा बसेपर्यंत हेच घालत होतो मी."

"मग तो चकचकीत डबा?"

"तो नंतरचा. आणि माझं इंजिन त्याच तेलावर चालणारं आहे. तुझ्या आजाच्या इंजिनाला ते कसं चालेल? विचारायचंस की रे, सांगितलं असतं."

विचारायचं! जळणाऱ्याला जगातलं सगळं सुचतं, तेवढं एक सुचत नाही.

इंजिन पुन्हा खोललं, रिंगा पुन्हा बदलल्या, साधं तेल घातलं. डबा पुन्हा पुक्-पुक् वाजू लागला, दळणंही परत आली. पण पहिल्या पिठाचा मान ओढ्यापलीकडे गेला तो गेलाच. दर जत्रेला पलीकडचं इंजिन आधी सुरू होई, आणि गिरणीवाला आपल्या इंजिनाच्या हँडलला हात लावून नुसता उभा राही.

म्हणून सांगतो: शेजाऱ्याच्या डब्यावर डोळा ठेवून तेल निवडू नये, आपल्या इंजिनाला काय सोसतं ते बघून निवडावं.